जुनं, मऊ, धुतलेलं

नर्सने बाळ हातात दिलं आणि ताजुन्निसाच्या बोटांना बाळाआधी कापड कळलं. तोंड बघायच्या आधी, मुलगा की मुलगी हे विचारायच्याही आधी, तिचा अंगठा आपसूक कापडाच्या काठावरून फिरला आणि तिथंच अडला. जन्मभर गाद्या-दुलयांच्या खोळी शिवलेली बाई ती. मांजरपाट कुठला आणि पॉपलीन कुठलं हे अंधारात सांगेल. हे कापड तर तिनं झोपेतही ओळखलं असतं. मक्केत घेतलेलं, जमजमच्या पवित्र पाण्यात बुडवून गच्चीवर वाळवलेलं, घरी आणल्यावर दर शबे-बरातीला धुऊन, उन्हात घालून, पुन्हा नीट घडी घातलेलं. लोणावळ्याच्या घरात, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात तळाशी, कापराच्या वड्यांच्या शेजारी ते असायला हवं होतं. आणि त्याचा हा काठ नवा होता, नुकताच कात्रीनं कापलेला. दशा अजून सुटायच्या होत्या. ते तिचं स्वतःचं कफन होतं, आणि आत्ता त्यात गुंडाळलेलं, लालबुंद, मुठी आवळलेलं एक माणूस जीव खाऊन रडत होतं.

“मुलगी झाली, मावशी,” प्रतीक्षा नावाची ती नर्स म्हणाली. “आता नुसत्या पेढ्यांवर भागायचं नाही, जिलेबी पाहिजे.”

ताजुन्निसा हसली. तोंडभर हसली, कारण आनंद खराच होता, पोटातून वर आलेला. आणि त्याच क्षणी तिच्या छातीत अशी धडधड सुरू झाली की बाकावर बसलेल्या परक्या बाईलाही ती ऐकू जावी. ही धडधड तिच्या जुन्या ओळखीची. ईदच्या आदल्या दिवशी हीच, नवाजच्या दहावीच्या निकालाला हीच, त्याच्या लग्नाच्या वरातीत हीच. आणि कुणाच्या मरणाची खबर आली की तेव्हाही अगदी हीच, तसूभर फरक नाही. यातली आनंदाची कुठली आणि भीतीची कुठली, हे तिला उभ्या जन्मात कळलं नव्हतं. लोकांच्या घराला दोन दारं असतात, पुढच्या दारानं सुख येतं, मागच्यानं धास्ती. हिच्या घराला दार एकच. कोण आलं ते आत येऊन बसल्यावर समजायचं. म्हणून तर आनंदाच्या वेळी ती अशी घामाघूम व्हायची आणि नवरा म्हणायचा, बाई आहेस का भट्टी.

खरं तर सगळी सकाळच भट्टीसारखी गेली होती. दिवाळीच्या सुट्टीतला रविवार, म्हणजे अख्खी मुंबई आणि अर्धं पुणं चिक्की घ्यायला लोणावळ्यात उतरलेलं. सून इफ्फत चहाचा कप हातात घेऊन उभी होती, ती तशीच खाली बसली. दिवस अजून भरायचे होते, पण पोरीला घाई झाली होती. रिक्षा कुठून मिळणार. दारात टेम्पो उभा होता, त्यात एका हॉटेलच्या नव्याकोऱ्या गाद्या पोचवायला म्हणून रचलेल्या. नवाजनं बायकोला उचललं आणि सरळ त्या गाद्यांवर ठेवलं. ताजुन्निसा मागं चढली, इफ्फतचं डोकं मांडीवर घेतलं. बाजारपेठेत टेम्पो अडकला तो अडकलाच. पुढं गाड्या, मागं गाड्या, आणि कुणी गाडीच्या टपातून डोकं काढून फोटो काढतंय. तेव्हा फकरुद्दीन खाली उतरला. हृदयात नळी बसवलेला, डॉक्टरांनी जिना जपून चढा म्हणून सांगितलेला तिचा हा नवरा, टोपी मागं सरकवून टेम्पोच्या पुढं चालू लागला आणि कापूस पिंजताना जसा आवाज चढवतो तसा ओरडू लागला, “सरका, सरका, घरात पाहुणा येतोय!” लोक हसले आणि सरकले. कुणा पर्यटक बाईनं खिडकीतून पाण्याची बाटली दिली. इफ्फत कळा देत होती आणि मधेच हसतही होती, आणि नव्या गाद्यांचा तो कोरा वास, आणि ताजुन्निसाच्या ओठांवर दुवा, आणि छातीत ती धडधड. काही म्हणा, अशी वरात तिच्या स्वतःच्या लग्नातही निघाली नव्हती.

दवाखान्यात पोचल्या पोचल्या नर्सनं विचारलं, बाळाचे कपडे आणलेत ना, गुंडाळायला काहीतरी? ताजुन्निसाच्या हातात रिकामी पिशवीसुद्धा नव्हती. तो तिचाच हुकूम होता. बाळ येण्याआधी त्याच्यासाठी एक टोपडंही घरात आणायचं नाही, शिवायचं तर मुळीच नाही. इफ्फतनं एकदा मोबाइलवर छोटे मोजे पसंत केले होते, तेही सासूनं रद्द करायला लावले. या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. आनंदाची आधी तयारी केली की दुसराच कुणी ती ऐकतो, अशी तिची पक्की समजूत. मग टेम्पो लावायला गेलेल्या नवाजला तिनं फोनवर बजावलं होतं, घरी पळ, जुनं आण, नवं नको, नव्या कापडाची खळ कोवळ्या अंगाला बोचते. जुनं, मऊ, धुतलेलं सुती कापड आण. तिच्या मनात कपाटातल्या जुन्या ओढण्या होत्या. पोरगा गर्दीतून धावत गेला, धावत आला, आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात नर्सच्या हातात गठ्ठा देऊन पुन्हा औषधं आणायला धावला. ताजुन्निसाला तो गठ्ठा दिसलाच नाही.

आता ती बाळाला घेऊन बाकावर बसली आणि त्याचं तोंड बघू लागली. नाक फकरुद्दीनचं, पसरट. कपाळावर आठ्या, जणू कुणी न विचारता उठवलंय. बघता बघता तिची नजर पुन्हा खाली, त्या पांढऱ्या घडीवर जायची. जगात येऊन घटका झाली नाही आणि अंगावर कफन. हे बरं का वाईट? बरं कसं असेल? तिच्या मनात एक वेडा विचार आला, आणि आला तो जाईना: न्यायला येणारा फरिश्ता कापडाची खूण बघून येत असेल तर? पेटी उघडून बघेल, तिथं काही नाही. मग वास काढत इथवर येईल. कापूर आणि जमजम. तिनं बाळाचा वास घेऊन पाहिला. कापराचा वास येत होता, आणि त्याच्या वर ओला, गोडसर, जावळाचा. तिनं कापडाचं टोक सोडवायला हात घातला आणि परत घेतला. काढायचं कसं, काढून गुंडाळायचं कशात? अंगावरच्या ओढणीत? मग नर्स विचारणार, का हो मावशी? आणि तिला सांगावं लागणार. ती गोष्ट, जी तिनं नवऱ्याखेरीज कुणालाही कधी सांगितली नव्हती, आणि नवऱ्यालाही मक्केत दुकानदारासमोर सांगावीच लागली म्हणून.

तसं पाहिलं तर मरण हा शब्द तिच्या घरात वर्ज्य होता. कुणी गेलं तर ती म्हणायची, ते तळेगावला गेले. नवाज लहान असताना त्याला सगळे म्हातारे तळेगावलाच जातात असं वाटायचं. फकरुद्दीन चिडवायचा, तळेगावात आता जागा राहिली नसेल. त्याचं बरं होतं. त्याच्या आज्यानं त्याला चालता येऊ लागल्यापासून प्रत्येक दफनाला बोटाला धरून नेलं होतं, मूठभर माती त्याच्याही हातात दिली होती. मरण म्हणजे त्याच्यालेखी गावातलं एक काम, लग्नासारखं, खतनासारखं. जायचं, माती द्यायची, हात धुऊन चहा प्यायचा. छातीत कळ येऊन स्वतःच दवाखान्यात पडला, तेव्हाही शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर पाषाणच्या ऑर्डरचा कापूस भिजला नाही ना. ताजुन्निसा बाहेर बसून चार दिवस अन्नाला शिवली नव्हती. नमाज तोही पढायचा, तीही पढायची, उलट हिची एक वेळ चुकत नसे. मग देवाच्या दारी एवढी हजेरी लावून ही घाबरट आणि तो असा निवांत, हे कसं? याचं उत्तर तिच्या पोटात कुठंतरी होतं. ते सुदुंबऱ्याच्या, तिच्या माहेरगावच्या, एका अंगणात होतं.

तिथं ती सात वर्षांची. आई बाळंत व्हायची होती. सकाळी शेजारच्या नंदाबाईनं हिला बोलावून घेतलं, सुपात भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि सांगितलं, फोडत बस, घराकडं जाऊ नको. शेंगा फोडता फोडता दुपार कलली, आणि तिनं बघितलं तर रस्त्यानं तिचा चाचा सायकलवरून येत होता, आणि सायकलच्या कॅरियरला पांढरंशुभ्र, कोरं कापड, सुतळीनं बांधलेलं. गावात कापडाचं दुकान नव्हतं, कापड यायचं ते ईदलाच. ती सूप टाकून धावली. सायकलच्या बाजूनं टाळ्या वाजवत, उड्या मारत धावली. माझ्या फ्रॉकचं का चाचा, माझ्या फ्रॉकचं का? चाचानं तिच्याकडं बघितलंच नाही. म्हणाला, “व्हय, तुझ्याच. जा, खेळ जा.” ती नाचत नंदाबाईकडं आली आणि म्हणाली, मला फ्रॉक. नंदाबाईनं तिला एकदम पोटाशी धरलं, इतकं घट्ट की गुदमरायला झालं, आणि रडायला लागली. मोठी बाई रडते आणि आपल्याला फ्रॉक येतो, याचा मेळ त्या पोरीला लागला नाही. छाती तेवढी धडधडत राहिली. रात्री आई दिसली नाही तेव्हा सांगितलं, तळेगावला दवाखान्यात नेलीय. मग उद्या येईल, मग परवा, मग बकरी ईदला. फ्रॉकही येईना आणि आईही येईना. कुणी तिला बसवून सांगितलं असं झालंच नाही. तिनं वाट बघितली, आणि वाट बघता बघता कधीतरी, आपली आपण, तिला समजलं. आणि समजल्याचंही तिनं कुणाला सांगितलं नाही.

पुढं मोठेपणी एका लग्नात चाचीच्या तोंडून सहज निघून गेलं, “लय हाल झाले गं तुझ्या अम्मीचे. सकाळी गेली, कापड दुपार ढळंस्तवर आलंच न्हाई. पंख्यानं वारा घालत बसलो व्हतो.” चाची बोलून गेली आणि बिर्याणी वाढायला वळली. ताजुन्निसाच्या डोक्यात मात्र ते वाक्य जाऊन बसलं. आई तशीच पडून होती, कापडावाचून, उन्हाच्या झळा येणाऱ्या त्या खोलीत, आणि आपण शेंगा फोडत होतो. कुणी वेळेत पळालं नाही, कुणाकडं तयार नव्हतं. तेव्हापासून तिला मरणाचं भय असं वाटलंच नाही, असं ती स्वतःला सांगायची. भय होतं ते ऐनवेळी धावाधाव होण्याचं, तिष्ठत पडण्याचं. कबरीतला अंधार, सवालजबाब, हे सगळं मौलाना सांगत तेव्हा ती मान हलवायची, पण तिच्या अंगावर काटा यायचा तो त्या दुपारच्या खोलीचा.

म्हणून करोनाच्या आधीच्या वर्षी मक्केला, उमऱ्याच्या यात्रेला गेली तेव्हा तिनं खजूर नंतर घेतला, कापड आधी. दुकानदारानं थान उलगडलं, तिनं अंगठ्यानं वीण तपासली, पसंत केलं. त्याला कात्री लावायची नाही हेही ठरलेलं. माणूस गेल्यावरच कापड कापतात. ते पेटीत ठेवल्यापासून तिला गाढ झोप लागू लागली. छत्री घेऊन निघालं की पाऊस येत नाही, तसं काहीसं. कापड तयार आहे तोवर मरणाला घाई नाही, असा तिचा आणि मरणाचा बिनबोलाचा करार झाला होता. साथीत जेव्हा रोज कुणी ना कुणी तळेगावला जात होतं, तेव्हा ती दर शुक्रवारी पेटी उघडून कापडावर हात ठेवायची आणि पुन्हा बंद करायची. आता करार मोडला होता. मोडला तो मोडला, आणि मोडून कोण बसलं होतं त्यात, तर ही रडून दमलेली, जांभई देणारी भवानी.

नवाज औषधांची पिशवी घेऊन आला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, चेहरा असा की आत्ता गावभर ढोल वाजवत सुटेल. बाळाच्या तोंडाशी तोंड नेऊन बघितलं, आईच्या गळ्यात एक हात टाकला, आणि मग कापडाकडं बोट दाखवून म्हणाला,

“आठवलं का नाही मला?”

“काय आठवलं?”

“हेच. तू मक्केहून आलीस तेव्हा पेटीत ठेवत होतीस. मी विचारलं, अम्मी, हे कसलं गं? तू म्हणालीस, राहू दे, तुझ्या पोराबाळांना होईल. कपाटात हात घातला आणि एकदम आठवलं. म्हटलं, अम्मीनं एवढं सांभाळून ठेवलंय ते याच दिवसासाठी.”

ताजुन्निसाला ते आठवलं. कशी विसरली होती कुणास ठाऊक. पोरगा अचानक खोलीत आला होता, आणि तिनं पेटीचं झाकण लावता लावता, चेहरा न बदलता, तोंडाला येईल ते सांगून टाकलं होतं. जसं चाचानं सायकलवरून सांगितलं होतं. तुझ्याच, जा, खेळ जा. चाचाचं खोटं तिनं जन्मभर मनात धरलं होतं, आणि तेच खोटं, तसल्याच कापडाबद्दल, तिनं आपल्या पोराला सांगितलं होतं. आणि या वेड्यानं ते इमानदारीनं खरं मानून, रविवारच्या गर्दीतून धावत जाऊन, खरं करून दाखवलं होतं. फ्रॉक आला होता. इतक्या वर्षांनी, भलत्याच पोरीला, पण आला होता. तिला मोठमोठ्यानं हसावंसं वाटलं आणि त्याच वेळी नवाजच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दोन्ही न करता ती म्हणाली, जा, अब्बांना बोलव, अजान द्यायचीय.

फकरुद्दीन हातपाय धुऊन, वुजू करून आला. त्यानं नातीच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन हलक्या आवाजात अजान म्हणायला सुरुवात केली, आणि त्याची नजर कापडावर गेली. तो एका शब्दाला थबकला. मक्केत दुकानात तो शेजारीच उभा होता, पैसे त्यानंच दिले होते. त्यानं वर बायकोकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच सांगितलं, पुढं म्हण. त्यानं पुढं म्हटली. म्हणून झाल्यावर खाली वाकून बायकोच्या कानाशी बोलला, कुठल्याही फडक्याला तीन पाणी दाखवलं की पाक होतं, घरी जाऊन धुऊन ठेव, कमी पडलं तेवढं मी उद्या बाजारातून आणतो, कुणाला काही सांगायची गरज नाही. किती सोपं करून टाकलं त्यानं. त्याच्यालेखी कापड म्हणजे कापड. ताजुन्निसाला बरं वाटलं. खरंच, काय बिघडलं? धुवायचं, कापराच्या दोन वड्या जास्त टाकायच्या, पेटी बंद. नवाज खूश, इफ्फत खूश, करार पुन्हा सुरू. छातीतली धडधड जराशी उतरली.

आणि तेवढ्यात तिच्या मांडीवर उबदार काहीतरी पसरलं. पोरीनं कार्यक्रम उरकला होता, भरघोस, कापडातून आरपार, आजीच्या नव्या सलवारीसकट. नवाज ओरडला, फकरुद्दीन हसून हसून खोकायला लागला, आणि ताजुन्निसा त्या ओल्या उबेत तशीच बसून राहिली. जमजममध्ये बुडवलेलं, उन्हात वाळवलेलं, जे कापड तिच्या थंड अंगाला लागायचं होतं, ते आधी असं गरम झालं होतं. तिला पहिल्यांदाच वाटलं की आपण या कापडाला इतकी वर्षं हात लावला, पण ते कधी गरम लागलं नाही.

बाळ नवाजच्या हातात देऊन ती आत इफ्फतच्या खाटेपाशी गेली तेव्हा प्रतीक्षा कात्री घेऊन उभी होती. उरलेलं थान खाटेच्या कडेला पडलेलं, उलगडलेलं, पांढरंफेक. किती लांब होतं ते. पेटीत घडीत असताना एवढं कधी वाटलं नव्हतं. आयुष्यभर कापड मोजणाऱ्या बाईला आपलं स्वतःचं माप असं खाटेवर पडलेलं बघून क्षणभर भोवळ आल्यासारखं झालं. इथून डोकं, इथं पाय. नर्सनं विचारलं, “अजून तुकडा कापू का मावशी? ते तर भिजलं. कापड छान मऊ आहे, आमच्याकडं असलं येत नाही.”

आता सांगायचं तर आत्ताच. नाहीतर म्हणायचं, थांबा, घरून ओढण्या मागवते. आणि हे उचलून पिशवीत कोंबायचं, घरी न्यायचं, तीन पाणी दाखवायचं. मग ही पोरगी मोठी होणार, एक दिवस पलंगाखालून पेटी ओढणार आणि विचारणार, दादीमां, हे काय? आणि आपण झाकण लावणार, आणि काहीतरी सांगणार. तिलाही तळेगावला पाठवणार. ताजुन्निसाच्या छातीतली धडधड अशी की कानात ऐकू येत होती, आणि ती कुठली आहे हे आजही कळत नव्हतं. पण आज तिला त्याची पंचाईत वाटेना. असेल दोन्ही. आली ती दोघं एकाच दारानं, बसू देत शेजारी शेजारी.

“द्या हिकडं,” ती म्हणाली. कात्री घेऊन तिनं काठाला नुसती एक चीर दिली, जशी खोळीच्या कापडाला देतात, आणि दोन्ही हातांनी ओढलं. टर्रकन आवाज झाला आणि थान सरळ रेषेत फाटत गेलं, उभ्या धाग्याबरोबर, कुठं अडखळलं नाही. शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली. ताजुन्निसानं दुसरी चीर दिली. तिसरी. लंगोट, दुपटं, पुसायला चौकोन, डोक्याला बांधायला पट्टी. तिचे हात आपोआप मापं काढत होते, भरभर, धापा टाकत, जणू लग्नाची ऑर्डर संध्याकाळी द्यायचीय. घाम कपाळावरून ओघळत होता आणि ती हसत होती. फाटण्याच्या त्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण प्रत्येक टर्रीला तिला छातीवरची एकेक गाठ सुटल्यासारखी वाटत होती. दारात उभ्या फकरुद्दीननं टोपी काढून पुन्हा घातली.

“अम्मी, बस की,” नवाज म्हणाला. “सगळंच फाडणार का? किती जपलं होतंस.”

ताजुन्निसानं कात्री खाटेवर ठेवली. जो शब्द घरात कधी निघाला नव्हता तो जिभेवर येऊन बसला होता, आणि एकदा वाटलं, गिळून टाकावा. पण गिळलेलं सगळं शेवटी दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतं, हे आज तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

“मी खोटं सांगितलं व्हतं तुला,” ती म्हणाली. “पोराबाळांचं नव्हतं ते. माझं कफन हाय ते. मी मेल्यावर घालायला मक्केहून आनलं व्हतं.”

प्रतीक्षानं हातातला तुकडा हळूच खाली ठेवला, आणि मग काय करावं न कळून पुन्हा उचलला. नवाजचा चेहरा पार उतरला. मघाचा ढोल कुठल्या कुठं. तो बाळाकडं बघू लागला, मग आईकडं, मग पुन्हा बाळाकडं, आणि त्याचे डोळे भरले. त्याला काय वाटत असेल ते तिला कळत होतं. सायकलच्या बाजूनं धावत आलेल्या पोरीला कुणीतरी थांबवून खरं सांगितलं असतं, तर तिचंही तोंड असंच झालं असतं. रडली असती ती. रडून, दमून, झोपली असती. तिनं नवाजच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला.

शेवटी इफ्फतच उठून बसली. थकलेली, केस विस्कटलेले, ओठ चावून सुजलेले. तिनं नवऱ्याकडून बाळ घेतलं, ओलं कापड सोडवलं, नुकत्याच फाडलेल्यातलं एक दुपटं स्वतः निवडलं आणि त्यात लेकीला घट्ट गुंडाळलं. तिनं तोंड वाकडं केलं नाही, की तोबाही म्हटली नाही. बाळाला छातीशी लावलं, ते चुटूचुटू ओढायला लागलं, आणि मग तिनं वर बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, जसं कुणी विचारतं की तुम्ही जेवलात का.

“मग अम्मी, तुमच्यासाठी?”

ताजुन्निसानं मांडीवरचे धागे झटकले. खिडकीबाहेर गाड्यांची रांग अजून तशीच होती, हॉर्न वाजत होते, कुणाचं तरी पोर फुग्यासाठी भोकांड पसरत होतं.

“ते तुमी आनायचं. माझं काम न्हाई ते,” ती म्हणाली. “आन रविवार असंल तर रस्ता भरल्याला असंल, जपून जावा, घाई करू नका. झाला उशीर तर हू द्या. मी थांबंन.”